छोट्या बँकेचा मोठा कॉम्प्युटर

आपल्या आयटीवाल्यांच्या जगात काही शब्द असे आहेत, की ते स्लाइडवर आले की सगळे माना डोलावतात आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत विसरूनही जातात. ‘बिझनेस-आयटी अलाइनमेंट’ हा त्यातला मानाचा गणपती. व्यवसायाचं धोरण आणि तंत्रज्ञानाचं धोरण एकाच दिशेला चालायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. यावर कुणी पानंच्या पानं का लिहावीत, असं वाटेल. पण लिहिली आहेत. १९९३ साली जॉन हेंडरसन आणि एन. वेंकटरमन या दोन प्राध्यापकांनी आयबीएमच्या ‘सिस्टिम्स जर्नल’मध्ये चार चौकटींचं एक मॉडेल मांडलं. एका चौकटीत व्यवसायाचं धोरण, दुसरीत आयटीचं धोरण, तिसरीत संस्थेची माणसं आणि कामाच्या पद्धती, चौथीत प्रत्यक्ष यंत्रणा. यातली एक हलली की उरलेल्या तीन तपासून बघायच्या. झालं मॉडेल.

आता हे मॉडेल मोठ्या कंपन्यांच्या बोर्डरूममध्ये जन्मलं आणि तिथेच वाढलं. मला आज ते आपल्या गल्लीतल्या बँकेला लावून बघायचं आहे. म्हणजे नागरी सहकारी बँकेला. जिच्या चेअरमनचं औषधांचं दुकान असतं, जिच्या वार्षिक सभेत चहा-बिस्किटांवरून वाद होतो आणि जिथे आपल्या आईचं किंवा काकांचं एखादं फिक्स डिपॉझिट हमखास असतं. मोठ्या बँकेचा आयटी प्रोजेक्ट फसला तर एका तिमाहीचा नफा कमी होतो. छोट्या बँकेचा फसला तर काकांचं डिपॉझिट अडकतं. एवढा फरक आहे, म्हणून हा विषय.

ओळख हाच धंदा

इतिहास जर्मनीत सुरू होतो. १८५० साली हेर्मान शुल्झे यांनी डेलिच या गावात कारागीर आणि दुकानदारांसाठी कर्ज देणारी मंडळी काढली, आणि १८६४ मध्ये फ्रीडरिश राइफायझेन यांनी हेडेसडॉर्फला शेतकऱ्यांसाठी. दोघांची कल्पना साधारण सारखीच. ज्याला सावकाराशिवाय कुणी दारात उभं करत नाही अशा माणसाजवळ तारण नसतं, पण त्याला ओळखणारे शेजारी असतात. मग त्या शेजाऱ्यांनीच एकत्र येऊन बँक काढायची. कोण प्रामाणिक, कोण उधळ्या, कुणाच्या घरी यंदा लग्न आहे, हे त्यांना आधीच माहीत असतं. आजच्या भाषेत सांगायचं तर क्रेडिट स्कोअरचा डेटाबेस शेजाऱ्यांच्या डोक्यात होता आणि तो वापरायला फी नव्हती!

ही कल्पना आपल्याकडे लवकर पोचली. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता. तो आला १९०४ साली. त्यानंतर दोन वर्षांत १९०६ मध्ये मुंबईत शामराव विठ्ठल आणि पुण्यात कॉसमॉस, पुढे १९१८ मध्ये सारस्वत, अशा संस्था उभ्या राहिल्या. एकेका समाजाच्या, पेठेच्या, बाजारपेठेच्या, गिरणीच्या या बँका. कर्जाचा अर्ज समितीपुढे आला की चार सदस्यांतल्या एकाला तरी अर्जदाराचं घर माहीत असायचं.

याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. १९२८ मध्ये उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने (म्हणजे नंतरच्या सिंडिकेट बँकेने) पिग्मी ठेव सुरू केली. एजंट रोज दारात येणार, दोन आणे घेणार, कार्डावर लिहून देणार. महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी ही पद्धत इतकी आपलीशी केली की ‘पिग्मीवाला’ हा आपल्याकडचा एक स्वतंत्र व्यवसायच झाला. भाजीवाली, चहाची टपरी, सलून, सगळीकडे तो रोज जाणार. त्याच्याकडे पैसे तर जमा होतातच, शिवाय बातमीही जमा होते. टपरी तीन दिवस बंद असेल तर बँकेला ते तिसऱ्या दिवशी कळतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की छोट्या बँकेचं ‘बिझनेस स्ट्रॅटेजी’ नावाचं जे काही असतं ते कागदावर क्वचितच लिहिलेलं सापडतं, पण ते असतं. आम्ही या भागातल्या माणसांना इतरांपेक्षा जास्त ओळखतो, म्हणून इतर ज्यांना कर्ज देत नाहीत त्यांना देऊ शकतो आणि ते परतही येतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

खतावणी ते फॉक्सप्रो

१ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे, संस्था म्हणून नोंदणी, निवडणुका वगैरे राज्याच्या सहकार खात्याकडे. एका घरात दोन सासवा. याचा आयटीशी काय संबंध, असं वाटेल. पुढे येईलच.

कॉम्प्युटर बँकांत आला तो मोठ्या बँकांमधून, आणि भांडणं करत आला. सरकारी बँकांतल्या कर्मचारी संघटनांना नोकऱ्या जाण्याची भीती होती (आणि ती अगदीच निराधार नव्हती). १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटनांमध्ये यांत्रिकीकरणाबद्दल करार झाला. कुठे, किती आणि कसली यंत्रं चालतील हे त्यात ठरलं. पाठोपाठ १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ दिसू लागली. नावात कॉम्प्युटर हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. १९८९ मध्ये रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीने पुढचा टप्पा आखला. १९८७ साली मुंबईत हाँगकाँग बँकेने देशातलं पहिलं एटीएम बसवलं होतं. १९९४-९५ पासून नव्या खाजगी बँका आल्या. त्यांच्याकडे जुन्या खतावण्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांना मोडायचंही काही नव्हतं.

आपल्या सहकारी बँका बहुतेक या करारांच्या बाहेर होत्या. त्यांना अडवणारं कुणी नव्हतं, तशी वाट दाखवणारंही कुणी नव्हतं. मग त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे केलं, म्हणजे ओळखीतला माणूस गाठला. जिल्ह्याच्या गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा किंवा पुण्या-मुंबईत छोटी फर्म काढलेला एखादा प्रोग्रामर. त्याने फॉक्सप्रो, क्लिपर किंवा कोबोलमध्ये सेव्हिंग्जचं व्याज, डे-बुक, पासबुक छपाई असं एकेक लिहून दिलं. व्याजाचा हिशोब चुकला तर मॅनेजर त्याला फोन करायचा आणि तो स्कूटरवर फ्लॉपी घेऊन यायचा.

हसू नका. मला वाटतं, छोट्या बँकांच्या इतिहासात अलाइनमेंट सगळ्यात चांगलं होतं ते याच काळात. कुणी तो शब्द ऐकलेला नव्हता तरीही. पिग्मीच्या कमिशनची पद्धत प्रत्येक बँकेची वेगळी, तर ती तशीच प्रोग्राममध्ये यायची. सोनेतारणाची पावती अशी हवी, वार्षिक सभेला लाभांशाची यादी तशी हवी, सगळं व्हायचं. एजंटच्या हातातलं पिग्मीचं छोटं मशीन याच परंपरेतलं. दिवसभर टपऱ्यांवर पावत्या छापायच्या, संध्याकाळी शाखेतल्या पीसीला जोडून सगळा भरणा उतरवायचा. कुठल्याही परदेशी बँकिंग पॅकेजमध्ये हे नव्हतं. हा आपल्या धंद्यातून निघालेला आयटी.

त्याची दुसरी बाजूही होती. पासवर्ड सगळ्यांना माहीत, बॅकअप मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये, सोर्स कोड त्या एका माणसाकडे, आणि ऑडिट ट्रेल म्हणजे काय रे भाऊ? प्रत्येक शाखा हे एक वेगळं बेट. रात्री बेटाबेटावरून आकडे हेड ऑफिसला जायचे, ते जुळायचे किंवा जुळवले जायचे. ‘जुळणे’ आणि ‘जुळवणे’ यातला एका अक्षराचा फरक पुढे फार महाग पडला.

शाखेचा ग्राहक, बँकेचा ग्राहक

२००० नंतर चित्र झपाट्याने बदललं. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस, २०१६ मध्ये यूपीआय. यातली प्रत्येक गोष्ट बँकेकडून एकच मागते: या क्षणी या खात्यात किती पैसे आहेत, लगेच सांगा. बेटांना हे जमत नाही. त्यासाठी सगळ्या शाखांची खाती एका जागी हवीत. म्हणजेच कोअर बँकिंग, अर्थात सीबीएस.

मोठ्या बँकांनी ते केलं, कारण त्यांचे ग्राहक शहरं बदलत होते. छोट्या बँकांनी का केलं? मुख्यतः रिझर्व्ह बँकेने सांगितलं म्हणून. नागरी सहकारी बँकांना २०१३ अखेरची मुदत होती. ती उलटून गेल्यावरही बऱ्याच बँका मागे राहिल्या होत्या, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये एक योजना आली. आयएफटास या संस्थेमार्फत सामायिक सीबीएस घ्यायचं, आणि सुरुवातीच्या उभारणीचा ४ लाख रुपयांचा खर्च रिझर्व्ह बँक देणार.

४ लाख म्हणजे आपल्याला एका चांगल्या लॅपटॉपचे दोन-तीन नग वाटतात. पण जरा छोट्या बँकेच्या बाजूने हिशोब करून बघा. उदाहरणादाखल, १०० कोटींच्या ठेवी असलेली बँक घ्या. कर्जं आणि ठेवी यांच्या व्याजातल्या फरकातून समजा वर्षाला ३ कोटी सुटले. त्यातून पगार, भाडं, वीज, बुडीत कर्जांची तरतूद. उरले तर ४०-५० लाख. आता त्यात सीबीएसचं भाडं, डेटा सेंटर, डीआर साइट, दोन लाइन्स, एटीएम स्विच, वर्षातून व्हल्नरेबिलिटी टेस्ट आणि हे सगळं समजणारा एक तरी माणूस बसवा. हजार शाखांची बँक हाच खर्च हजारांत वाटते, आपली बँक चार शाखांत. मोठ्या आकाराचा फायदा म्हणतात तो हा.

त्यामुळे बहुतेक बँकांनी केलं काय, तर सगळ्यात स्वस्त निविदा स्वीकारली आणि पॅकेज जसं होतं तसं चालू केलं. मोजक्या मोठ्या बँकांनी वेगळा रस्ता धरला. शामराव विठ्ठल बँकेने ‘जीनियस’ नावाचं सीबीएस स्वतःच्या घरात बनवलं. सारस्वत आणि कॉसमॉसने आपल्या आयटी कंपन्या काढल्या. पण हे दहा-वीस जणांना जमण्यासारखं. मार्च २००४ अखेर देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या, मार्च २०२४ अखेर १,४७२ उरल्या. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात.

डेटा मायग्रेशनच्या एका अशाच कामावर मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत काही आठवडे होतो. बँकेचं नाव सांगत नाही. जुन्या लेजरमध्ये काही खात्यांच्या कडेला पेन्सिलीने टिपणं होती. ‘धाकटा मुलगा आला तर आधी बाईंना फोन करणे.’ ‘पावसाळ्यात हप्ता उशिरा येतो, नोटीस काढू नये.’ ‘सही हलते, अंगठा चालेल.’ आमच्या मॅपिंग शीटमध्ये यासाठी रकाना नव्हता. आमच्या लीडने विचारलं, हे कुठे टाकायचं? शाखेतले वयस्क अकाउंटंट म्हणाले, ‘टाकू नका. आम्हाला पाठ आहे.’ तीन वर्षांनी ते निवृत्त झाले असणार.

मी काही जुन्या खतावण्यांच्या नावाने गळा काढत नाहीये. त्याच पेन्सिलीने चेअरमनच्या मेव्हण्याच्या कर्जापुढे ‘नोटीस काढू नये’ असंही लिहिता येतं! पण चार चौकटींकडे परत जाऊ या. त्या बँकेचा धंदा होता ओळखीवर. यंत्रणा बदलताना ओळखीच्या माहितीचं काय करायचं हा प्रश्न कुणीही विचारला नाही. ना बँकेने, ना व्हेंडरने, ना मुदत देणाऱ्याने. ती टिपणं सोयीस्करपणे नीट नोंदवता आली असती, कुणी केव्हा लिहिली हे तारखेसह दिसलं असतं आणि ऑडिटरलाही वाचता आली असती. म्हणजे ओळख टिकली असती आणि तिचा गैरवापरही पकडता आला असता. त्याऐवजी यंत्रणेतून ओळख वगळली गेली, आणि ती राहिली फक्त संचालकांच्या डोक्यात आणि फोनवर.

स्क्रीनवर काय दिसतं

आता तीन प्रकरणं. सगळी वर्तमानपत्रांतून आपण वाचलेली, पण एका ओळीत ठेवून बघण्यासारखी.

पहिलं कॉसमॉसचं. ही छोटी बँक नव्हे, पण सगळ्या सहकारी बँकांनी धसका घेतला तो यामुळे. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४.४२ कोटी रुपये गेले. पैकी सुमारे ८०.५ कोटी एटीएममधून, भारतासह अनेक देशांत, काही तासांत, आणि १३.९२ कोटी ‘स्विफ्ट’मार्फत हाँगकाँगला. तंत्र असं सांगितलं गेलं की हल्लेखोरांनी एटीएम स्विचच्या जागी एक बनावट स्विच उभा केला. एटीएमने विचारलं, पैसे देऊ का? त्याने उत्तर दिलं, दे. कोअर बँकिंगला कुणी विचारलंच नाही. म्हणून ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, गेले बँकेचे. बँक मोठी होती, तिने ते सोसलं. १०० कोटींच्या बँकेवर हेच झालं असतं तर दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नसतं. त्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आणली. डिसेंबर २०१९ मध्ये तिचे चार स्तर केले: बँक जेवढं डिजिटल काम करते तेवढ्या प्रमाणात बंधनं. हे मात्र शहाणपणाचं होतं. धंद्याच्या मापाने आयटी मागितलेला तो एक दुर्मीळ नियम म्हणता येईल.

दुसरं पीएमसी. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा. मुलुंडपासून भांडुपपर्यंत लोक शाखांबाहेर रडत उभे होते, ते आपण टीव्हीवर पाहिलं. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाशी संबंधित ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली गेली. आता आपल्यासारख्यांनी थांबून वाचावं असा तपशील पुढे आहे. ही खोटी खाती कोअर बँकिंगमध्ये उघडलेलीच नव्हती, ती होती रिझर्व्ह बँकेला दिल्या जाणाऱ्या कर्जांच्या यादीत. म्हणजे सीबीएस होतं, चालत होतं, आणि तपासणीला आलेल्यांच्या हातात मात्र वेगळाच कागद होता.

तिसरं न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक, फेब्रुवारी २०२५. हिशोबात रोकड होती, तिजोरीत नव्हती. फरक १२२ कोटींचा, असा आरोप. यात हॅकर नाही, क्लाउड नाही, परदेशी टोळी नाही. नोटांचे गठ्ठे कुणी मोजायचे आणि पडद्यावरच्या आकड्याशी कुणी ताडून बघायचे, एवढाच प्रश्न.

गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). तिन्ही बँकांकडे कॉम्प्युटर होते, पॅकेज होतं, ऑडिटर होते. पहिल्या प्रकरणात यंत्रणेचा एक भाग दुसऱ्याला न विचारता बोलत होता. दुसऱ्यात यंत्रणेला बाजूला ठेवून माणसं बोलत होती. तिसऱ्यात यंत्रणा बोलत होती ते कुणी तपासत नव्हतं. चार चौकटींतली तिसरी चौकट, माणसं आणि कामाच्या पद्धती, जागच्या जागी राहिली आणि तिच्या शेजारी नवी चौथी चौकट आणून ठेवली. वर दोन सासवा. संचालक मंडळ निवडून येतं सहकार कायद्याखाली, आयटीची मुदत येते रिझर्व्ह बँकेकडून. मग संचालकांना आयटी कळतो का, हे बघायचं कुणी? २०१९ च्या डिसेंबरमध्ये १०० कोटींच्या वरच्या बँकांना जाणकारांचं वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितलं आणि २०२० च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले, ते या प्रश्नावरचं उशिरा आलेलं उत्तर. न्यू इंडिया त्यानंतरचं आहे हेही विसरू नका.

जर्मन चुलतभाऊ

ज्या जर्मनीतून ही कल्पना आली, तिथल्या सहकारी बँकांचं काय झालं? त्या आहेत. विलीनीकरणं होत होत सुमारे सातशे उरल्यात, पण आहेत. त्यांनीही हाच प्रश्न सोडवला, फक्त वेगळ्या क्रमाने. प्रत्येक बँकेने आपला कॉम्प्युटर घेण्याऐवजी त्यांनी १९६० च्या दशकापासून प्रादेशिक संगणक केंद्रं सहकारी तत्त्वावर काढली. म्हणजे बँकांचीही एक सहकारी संस्था. ती केंद्रं एकत्र होत होत शेवटी दोन उरली, २०१५ मध्ये त्यांचीही एक झाली, आणि २०२१ पासून ती आट्रुविया या नावाने चालते. मालक कोण? तर तिच्या ग्राहक बँकाच.

यातली खुबी तांत्रिक नाही. गावातली बँक कर्ज कुणाला द्यायचं ते स्वतः ठरवते, सर्व्हर कसा चालवायचा ते ठरवत नाही. जे ओळखीवर चालतं ते गावात ठेवलं, जे आकारावर चालतं ते एकत्र केलं. चार चौकटींचं मॉडेल यायच्या तीस वर्षं आधी!

मग आपणही तसंच करावं? थोडं थांबा. सामायिक यंत्रणेचा धोका आपल्याला ३१ जुलै २०२४ ला दिसला. स्टेट बँक आणि टीसीएस यांची सी-एज ही कंपनी अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि संसर्ग पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार एका फटक्यात बंद. दुसऱ्या दिवशी चालू झाले. देशाच्या एकूण व्यवहारांत हा वाटा किरकोळ होता, पण ज्या गावात ती एकच बँक आहे तिथे तो शंभर टक्के होता.

आणि इथे जर्मनीशी फरक दिसतो. त्या ३०० बँका ग्राहक होत्या, मालक नव्हत्या. कुठल्या व्हेंडरचं कुठलं सर्व्हर कसं बसवलंय हे विचारायचा हक्क त्यांना करारात असेल-नसेल, खुर्चीत नव्हता. २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांची स्वतःची शिखर वित्त संस्था, एनयूसीएफडीसी, सुरू झाली. तिच्या कामात तंत्रज्ञानही आहे, आणि तिचं भागभांडवल सभासद बँकांचं आहे. जर्मन चुलतभावाकडून शिकायचंच असेल तर जागा ही.

तर काय?

थोडक्यात काय, तर छोट्या बँकांच्या चाळीस वर्षांच्या संगणकीकरणात तंत्रज्ञान कधी उशिरा आलं, कधी घाईत आलं, पण जवळपास नेहमी बाहेरून आलं. कधी शेजारच्या बँकेने एटीएम लावलं म्हणून, कधी मुदत संपत आली म्हणून. ‘आपण बँक का चालवतो?’ या प्रश्नापासून सुरू झालेला प्रोजेक्ट म्हणून मला फक्त ते पिग्मीचं मशीन आठवतं.

आपल्यापैकी बरेच जण अशा बँकांचे सभासद आहेत. कुणी व्हेंडरच्या बाजूला कामाला आहेत, कुणाचे सासरे संचालक आहेत. पुढच्या वार्षिक सभेत चहा पिऊन झाल्यावर तीन साधे प्रश्न विचारून बघा. आपल्या यंत्रणेतले आकडे आणि रिझर्व्ह बँकेला जाणारे आकडे एकाच ठिकाणहून निघतात का, की मध्ये कुणी एक्सेल शीट भरतं? व्हेंडर उद्या बंद पडला तर परवा आपण पैसे देऊ शकू का, आणि हे शेवटचं करून कधी बघितलं? आणि कर्ज देताना आपल्याला माणसाबद्दल जे माहीत असतं, ते कुठे लिहिलेलं आहे?

पहिले दोन प्रश्न ऑडिटरचे आहेत, त्यांची उत्तरं पैसे टाकून मिळतात. तिसरा बँकेचा आहे. ज्या बँकेला त्याचं उत्तर देता येत नाही, ती फक्त एक लहान आकाराची मोठी बँक असते. आणि तशी बँक लोकांना कशाला हवी? त्यांच्या फोनमध्ये मोठी आहेच की.